गाडीला पाणी पाजण्याचा इतिहास

येताना तुमच्यापैकी काहींनी रस्त्याच्या कडेला उभी असलेली फिकट निळी मॅटाडोर पाहिली असेल. ती आमची. आमची म्हणजे आम्हा चौघांची. आत दोन बाकं आहेत, ती जोडली की झोपायला होतं. एक शेगडी आहे, पाण्याची छोटी टाकी आहे, वर सामानाचं कपाट आहे. हल्ली याला कॅम्पर म्हणतात, सरकारी धोरणात कॅराव्हॅन म्हणतात, आणि आमच्या घरची माणसं अजूनही 'तो टेम्पो' म्हणतात. या गाडीच्या पाण्याच्या सगळ्या नळ्या आम्ही गेल्या वर्षी बदलल्या. आज बोलायचं आहे ते त्या नळ्यांबद्दल.

आता कुणी म्हणेल, व्याख्यानमाला इतिहासाची आहे, गॅरेजची शिकवणी कशाला? बरोबर आहे. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो. त्या प्रसंगामुळेच आम्हाला या विषयाचा इतिहास शोधावा लागला.

गाडी मूळची आमच्यातल्या एका मित्राच्या वडिलांची. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका साताऱ्याकडचे. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची जी वसाहत आहे, तिथल्या अनेक घरांची गोष्ट तीच: गाव पाटण नाहीतर जावळी, काम मुंबईच्या बाजारात, आणि बाजार इकडे हलला तसं घरही इकडे आलं. काकांनी आधी पाठीवर गोणी वाहिल्या, पुढे ही गाडी घेतली आणि तुर्भ्याच्या बाजारातून कांदा-बटाटा वाहिला. ते गेल्यावर गाडी दोन वर्षं नुसती उभी होती. भंगारात घालायला मन होईना, म्हणून आम्ही चौघांनी मिळून ती कॅम्पर केली, आरटीओत रीतसर नोंद बदलून घेतली, आणि मे महिन्यात काकांच्या गावाला निघालो.

खोपोली सोडून जुन्या रस्त्यानं घाट चढायला लागलो. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि पुढून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली. मित्र उतरला, हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात फडकं. फडकं रेडिएटरच्या झाकणावर टाकलं आणि झाकण फिरवलं. पुढचं एका सेकंदात झालं. उकळतं पाणी आणि वाफ कारंज्यासारखी वर आली आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर तो एकच गोष्ट सांगत होता, "बाबा असंच करायचे. मी लहानपणापासून बघितलंय. फडकं टाकायचं, झाकण उघडायचं, पाणी घालायचं."

ही गोष्ट आम्ही काकूंना सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, ते आधी चहा प्यायचे. चांगला अर्धा तास बसायचे. मग गोणपाट भिजवून टाकायचे. तू गाडीत झोपलेला असायचास."

बघा, इथे आमच्यासाठी इतिहासाचा प्रश्न उभा राहिला. बापाकडून मुलाकडे कृती आली, पण थांबणं आलं नाही. हात काय करतात ते त्यानं पाहिलं होतं, मधला अर्धा तास पाहिला नव्हता. आणि दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. निघायच्या आधी आम्ही गाडी तपासली होती. वरची नळी क्लिपजवळ फुगलेली होती, ते आम्हाला दिसलंही होतं. आम्ही म्हटलं, जाईल अजून वर्षभर.

तर झाकण उघडण्यात एवढं काय आहे, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जेवढी उष्णता असते, तिचा मोठा भाग चाकांपर्यंत पोचतच नाही. काही धुराबरोबर जातो, काही लोखंडात उतरतो. लोखंडातली उष्णता काढली नाही तर तेल पातळ होतं, पिस्टन फुगतो आणि इंजिन जॅम होतं. कार्ल बेंझची १८८६ सालची पहिली मोटार यावर साधा उपाय करायची: इंजिनाभोवती पाणी, आणि पाणी उकळून उडून जाऊ द्यायचं. उडालं की पुन्हा घालायचं. १८८८ साली बेंझची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो सांगितला जातो. त्या वाटेवर पाणी मिळेल तिथे थांबून गाडीला पाजावं लागलं. म्हणजे मोटारीच्या पहिल्या प्रवासातच 'गाडीला पाणी दाखवणं' होतं. बैलाला दाखवतात तसंच.

पुढची पायरी म्हणजे तेच पाणी फिरवायचं, थंड करायचं आणि पुन्हा वापरायचं. विल्हेल्म मायबाखनं १९००-०१ च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. हजारो बारीक नळ्या, त्यांच्यातून हवा, भोवती पाणी. यामुळे थोडं पाणी पुरायला लागलं. तरी पाणी फिरवायला प्रत्येक गाडीत पंप होताच असं नाही. १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी घ्या. तिच्या बहुतेक गाड्यांना पाण्याचा पंप नव्हता. गरम पाणी हलकं म्हणून वर चढतं, थंड जड म्हणून खाली उतरतं, एवढ्यावर काम चालायचं.

तिसरी पायरी आपल्या कामाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे गाड्यांना दाबाचं झाकण आलं. तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरचं. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंशांना उकळतं. उंची वाढेल तसा हा आकडा कमी होतो, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे, तिथे उघडं पाणी ९८ अंशांना उकळतं. म्हणजे घाटात दुहेरी मार: चढामुळे इंजिन जास्त तापतं आणि पाणी मात्र लवकर उकळतं. दाबाच्या झाकणानं हा प्रश्न सोडवला. आत एका वातावरणाएवढा जादा दाब ठेवला तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

पण आता विचार करा. आत ११० अंशांचं पाणी आहे, दाबामुळे गप्प बसलंय. तुम्ही झाकण काढलं. दाब गेला. त्या क्षणी ते पाणी उकळण्याच्या बिंदूच्या वर आहे, त्यातलं काही ताबडतोब वाफ होतं. आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. ती जागा तिला एकाच बाजूला मिळते, तुमच्या हाताच्या. कुकरची शिट्टी उचलून दाब जाऊ दिल्याशिवाय झाकण काढू नये हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. रेडिएटरचं झाकण म्हणजे तेच, हे आम्हा चौघा शिकलेल्यांच्या डोक्यात आलं नाही.

आता हे आपल्याकडच्या रस्त्यांवर कसं दिसायचं ते पाहू. इथे वयानं मोठी मंडळी बसली आहेत, त्यांना आठवेल. ट्रकच्या पुढे बांधलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी. घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर पाण्याचे हौद, टाक्या. आणि ट्रकवरचा क्लीनर. क्लीनर म्हणजे बहुधा पोरसवदा मुलगा, त्याच्या कामांतलं एक मोठं काम म्हणजे पाणी आणणं. ओढा असो, विहीर असो, हॉटेलचं पिंप असो. मुंबईहून साताऱ्याला जायचं तर खंडाळा, कात्रज, खंबाटकी, तीन घाट. प्रत्येक घाटावर थांबा. या थांब्यांवर चहाच्या टपऱ्या आल्या, देवळं मोठी झाली. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर थांबून नाणं टाकतात. रेल्वेला घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराची ती आख्यायिका तुम्हाला माहीतच आहे. पण थांबण्याचं नुसतं श्रद्धेचंच कारण नव्हतं असं आम्हाला वाटतं. गाडीलाही थांबायचं असायचं. इंजिन निवायला जो वेळ लागतो, तो चहानं, देवदर्शनानं आणि गप्पांनी भरला जायचा. म्हणून तो वेळ कुणाला नियम म्हणून शिकवावा लागला नाही. तो रस्त्याच्या रीतीतच होता.

पुढे इंजिनं सुधारली, कूलंट आलं, २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाड्या न थांबता घाट चढायला लागल्या. थांबे गेले. थांब्याबरोबर त्यातलं ज्ञानही गेलं. आमच्या मित्राचा हात त्या फटीत सापडला, असं आम्ही म्हणतो.

आता गाडीकडे येऊ. मॅटाडोर ही महाराष्ट्राची गाडी आहे, पण तिचं मूळ जर्मनीत. हॅम्बुर्गच्या विडाल आणि सोन या कंपनीच्या गाड्यांचं नाव होतं 'टेम्पो'. त्यांच्या तंत्रावर १९५८ साली न. के. फिरोदियांनी बजाज टेम्पो कंपनी सुरू केली. आधी तीन चाकी हॅन्सिट आली. १९६४ साली कंपनी पुण्याजवळ आकुर्डीला गेली, आणि १९६९ साली मॅटाडोर आली. गंमत बघा, आज मराठीत कुठल्याही छोट्या मालगाडीला आपण टेम्पो म्हणतो. तो एका जर्मन कंपनीचा शिक्का आहे, हे विसरूनही गेलो. मॅटाडोरचंही तसंच झालं. शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, भाजी, रुग्णवाहिका, सगळ्याला 'मॅटाडोर'.

१९८२ साली कंपनीनं डाइमलर-बेंझशी करार करून ओएम ६१६ हे डिझेल इंजिन इथे बनवायला घेतलं. चार सिलिंडर, २.४ लिटर. जर्मनीत हेच इंजिन मर्सिडीज २४० डी या गाडीत होतं, आणि ती तिकडे टॅक्सी म्हणून नावाजलेली. म्हणजे हॅम्बुर्गच्या टॅक्सीत आणि तुर्भ्याच्या कांद्याच्या गाडीत एकाच घराण्याचं हृदय. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं. मॅटाडोर बंद झाली तरी या इंजिनाचं घराणं ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर या गाड्यांमधून पुढे चालू राहिलं. म्हणून आजही इंजिनाचे भाग मिळतात. पिस्टन मिळतो, गॅस्केट मिळतं, पाण्याचा पंप मिळतो. मग अडतं कुठे? अडतं नळ्यांवर. इंजिन तेच असलं तरी गाडीचा आकार वेगळा, रेडिएटरची जागा वेगळी, म्हणून नळीचं वळण वेगळं. आणि गाडी बंद झाली की तिच्या वळणाची नळी कुणी पाडत नाही. मोठा, महागडा भाग टिकतो. दोन फुटांची रबरी नळी नाहीशी होते, आणि तिच्यापायी अख्खी गाडी भंगारात जाते.

ही अडचण एकट्या मॅटाडोरची नाही. १९६०-७० च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून तरुण मंडळी गोव्यापर्यंत यायची, त्यांच्यातल्या अनेकांकडे फोक्सवॅगनच्या बस असायच्या. त्या बसचं इंजिन हवेनं थंड व्हायचं. पाणी नाही, नळी नाही, रेडिएटर नाही. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. योगायोग असा की फोक्सवॅगननं त्याच वर्षी बसची तिसरी पिढी आणली, आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यात पाण्यानं थंड होणारी इंजिनं बसवली. इंजिन मागे, रेडिएटर पुढे. म्हणजे पाण्याला अख्ख्या गाडीच्या पोटाखालून पुढे जाऊन परत यायचं. युरोपात आज या गाड्या कॅम्पर म्हणून जपणारे लोक आहेत आणि त्यांची कायमची डोकेदुखी म्हणजे या लांब नळ्या. गंजतात, ठिसूळ होतात, आणि बदलल्यावर आत हवा अडकते. ती काढायला गाडीचं नाक वर उचलावं लागतं. हे वाचलं तेव्हा आम्हाला जरा धीर आला. आपण एकटे नाही.

आता नळीचं रबर. साधं रबर उन्हाळ्यात चिकट, थंडीत कडक. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला कळलं की रबरात गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ होतं. १८४४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. ही प्रक्रिया नसती तर ना टायर असता ना आपली नळी. पण नुसत्या गंधकानं भागत नाही. प्रक्रिया लवकर व्हावी म्हणून एक रसायन, रबर उष्णतेनं आणि हवेनं म्हातारं होऊ नये म्हणून दुसरं. आणि इथे गोष्ट आपल्या दारात येते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६० च्या दशकात जी कारखानदारी उभी राहिली, त्यात नोसिल होती. १९६८ साली तिचं पेट्रोकेमिकल संकुल सुरू झालं. ते पुढे बंद झालं, पण नोसिलचं नाव आज देशात रबराच्या रसायनांसाठीच घेतलं जातं. लहानपणी आम्ही त्या चिमण्या पाहत मोठे झालो. त्यातल्या एका रसायनाचा संबंध आपल्या टेम्पोच्या नळीशी आहे, हे कळायला चाळिशी यावी लागली.

१९६० च्या दशकात ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर बाजारात आलं. उष्णता आणि पाणी सोसण्यात ते नैसर्गिक रबराच्या फार पुढे. आज कूलंटच्या नळ्या बहुतेक याच्याच असतात. एक मात्र ध्यानात ठेवा, ईपीडीएमला तेल सोसत नाही. इंजिनाचं तेल नळीवर गळत राहिलं तर ती फुगते आणि मऊ पडते. आमची वरची नळी नेमकी अशीच फुगली होती. वर तेलाची गळती होती, आम्ही ती 'थोडीशी' म्हणून सोडून दिली होती.

आणि क्लिप. नळी नुसती चढवून भागत नाही, ती आवळावी लागते. आज आपण वापरतो ती स्क्रूची पट्टी १९२१ साली लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं पेटंट केली. इतकी साधी वस्तू, शंभर वर्षं झाली, अजून तिच्यासारखी दुसरी नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडी घाटातून टो करून परत आणली आणि कोपरखैरण्यात तीन टाकीच्या बाजूला एका मिस्त्रींकडे लावली. तीन टाकी हे नाव आपल्या अंगवळणी पडलंय, पण पाण्याच्या टाक्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या जागी गाडीचं पाणी दुरुस्त करायला गेलो, याचं आम्हाला हसू आलं. मिस्त्रींनी फुगलेल्या नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाकीच्या नळ्या हातानं दाबत होते. म्हणाले, "भाऊ, नळी बघायची नाय, दाबायची. बाहेरून नवरदेव असते, आतून फाटलेली."

हे खरं आहे. नळी बऱ्याचदा बाहेरून नाही, आतून चिरते. क्लिपच्या टोकापासून दोन-तीन बोटांवर दाबून बघायची. मधल्यापेक्षा तिथे मऊ लागली तर आतून गेली. दाबताना कुरकुर आवाज आला तर आतल्या दोऱ्याचं विणकाम सुटलंय. दगडासारखी कडक झाली असेल तर ती चढावर तडकणार. मिस्त्रींनी आमच्या गाडीत पाच नळ्या दाखवल्या. रेडिएटरची वरची, खालची, एक आखूड बायपासची, केबिन गरम करणाऱ्या हीटरच्या दोन. हीटर महाराष्ट्रात कुणी लावत नाही, म्हणून त्या नळ्यांकडे कुणी बघत नाही, आणि नेमक्या त्याच रस्त्यात फुटतात.

खालच्या नळीत स्प्रिंग असते. कशाला? ती पंपाच्या ओढण्याच्या बाजूला असते. इंजिन जोरात फिरलं की पंप पाणी ओढतो आणि मऊ नळी आत चिकटते, स्ट्रॉ जोरात ओढली की चिकटते तशी. पाणी थांबलं, इंजिन तापलं. गाडी उभी असताना मात्र सगळं ठीक दिसतं. आमच्या नळीतली स्प्रिंग गंजून तिचे तुकडे झाले होते.

नळ्या मिळवायला दोन महिने लागले. सरळ नळी आणून वाकवली, ती वळणावर मुडपली. मग जुनी नळी पिशवीत घालून कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. तिथे दुकानदार नाव विचारत नाहीत, वळण बघतात. आतला व्यास मोजायचा, दोन्ही टोकं मोजायची, कारण ती सारखी असतीलच असं नाही. आणि मग दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या लांब नळीत आपलं वळण शोधायचं, तेवढाच तुकडा कापून घ्यायचा. वरची नळी आम्हाला अशीच मिळाली.

बसवताना तीन गोष्टी आम्ही शिकलो. एक, जुनी नळी ओढून काढायची नाही. रेडिएटरचं तोंड पितळेचं आणि डाग दिलेलं असतं, ते उपटतं. नळी लांबीत चिरायची आणि सोलायची. दोन, धातूचं तोंड पॉलिश पेपरनं साफ करायचं. तिथे क्षार साचलेले असतात, त्यांवर नवी नळी चढवली तर ती गळणारच. लोक मग सोल्यूशन फासतात. नळी स्वच्छ तोंडावर बसली तर काही फासावं लागत नाही. तीन, तोंडाला जो उंचवटा असतो त्याच्या पलीकडे क्लिप आली पाहिजे. आणि इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की क्लिप पुन्हा आवळायची, कारण रबर बसतं.

मग पाणी. काका ओढ्याचं, विहिरीचं, मिळेल ते घालायचे. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आम्ही त्यांना दोष देत नाही. पण त्या पाण्यातला चुना वर्षानुवर्षं आत बसत गेला. मिस्त्रींनी रेडिएटर उघडून दाखवला तेव्हा किटलीच्या तळाशी असतो तसा पांढरा थर होता, कित्येक नळ्या बंद. तो साफ करून घेतला. आता अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. लोक म्हणतात, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला? कूलंटमधलं ग्लायकॉल पाणी उशिरा उकळवतं, आणि त्यातली दुसरी रसायनं गंज रोखतात. आपल्याला त्या दोन कारणांसाठीच ते हवं.

हवा काढायला गाडी चढावर नाक वर करून उभी केली, हीटर चालू ठेवला, झाकण उघडं ठेवून इंजिन थंडच असताना सुरू केलं. नळ्या हातानं दाबत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहिलो. मग झाकण लावलं. त्यानंतर गरम गाडीचं झाकण आम्ही उघडलेलं नाही.

जुनं कूलंट गटारात ओतलं नाही, हेही सांगतो. ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आणि आपल्या भागातली गटारं शेवटी ठाणे खाडीतच जातात. ती खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे. आपल्या गॅरेजांचं पाणीही तिच्या वाट्याला येतं.

शेवटी एक मुद्दा आणि थांबतो. या विषयात 'जुनं ते सोनं' म्हणायला आम्ही आलेलो नाही. काकांच्या पद्धतीनं रेडिएटर चुन्यानं भरला, हे खरं. आणि काकांच्या पद्धतीत अर्धा तास थांबणं होतं, त्यानं त्यांचा हात तीस वर्षं शाबूत राहिला, हेही खरं. दोन्ही एकाच माणसाच्या सवयी. आपण वारसा घेताना त्यातलं दिसणारं घेतो. न दिसणारं कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणारं माणूस बहुधा गाडीत मागे बसलेलं असतं. आम्हाला ते काकूंनी सांगितलं. म्हणून आम्ही आता एक वही केली आहे. नळी कधी बदलली, कुठल्या गाडीची होती, व्यास किती, क्लिप कुठल्या मापाची. प्रत्येक नळीला तारेनं एक पत्र्याची चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर तारीख. आणि वहीच्या पहिल्या पानावर काकूंचं वाक्य लिहिलंय: आधी चहा, मग झाकण.

एक प्रश्न आलाय. "इतका खर्च आणि दोन महिने घालण्यापेक्षा नवी गाडी का नाही घेतली?" रास्त प्रश्न आहे. हिशोबानं पाहिलं तर कदाचित घ्यायला हवी होती. जुन्या गाडीचा धूर जास्त, तपासणी कडक, हरित कर वेगळा. उद्या ही गाडी तपासणीत नापास झाली तर आम्ही ती रस्त्यावर आणणार नाही. पण ती दोन फुटांच्या नळीपायी भंगारात जाऊ नये, एवढंच आम्हाला वाटत होतं.

आणि मित्राचा हात? बरा आहे. डाग राहिलाय. भाजल्यावर काय करायचं तेही या निमित्तानं सांगून ठेवतो: वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. मग दवाखाना. त्या दिवशी घाटात आमच्याकडे कॅनभर पाणी होतं. आम्ही ते गाडीसाठी जपून ठेवलं, हातावर ओतलं नाही. तीही चूकच.

बाहेर गाडी उभी आहे. ज्यांना नळ्या दाबून बघायच्या असतील त्यांनी जरूर बघा. इंजिन दोन तासांपासून बंद आहे.